झडपेमागचे नॉब

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून रिडेव्हलपमेंटला चालल्या आहेत, आणि नव्या फ्लॅटमध्ये खटक्याच्या बटणांच्या जागी काचेची गुळगुळीत टच पट्टी येते आहे. दिसायला झकास. पण रात्री अंधारात भिंत चाचपडली तर बोटाला काहीच लागत नाही. आणि बोट चुकून कुठे टेकलंच, तर पंखा बंद होऊन बाल्कनीतला दिवा लागतो.

साधेपणा म्हणजे बटणं कमी, असं कुणीतरी ठरवून टाकलंय. बटणं काढली म्हणून कामं थोडीच कमी होतात? ती उरलेल्या बटणांत दाटीवाटीनं जाऊन बसतात. एकदा दाबलं की एक, दोनदा दाबलं की दुसरं, आणि दाबून धरलं की चाइल्ड लॉक! शेजारच्या काकूंच्या इंडक्शन शेगडीवर दूध उतू गेलं, पट्टीवर पसरलं, आणि शेगडीनं दुधालाच बोट समजून भलतंच काहीतरी सुरू केलं. काकूंनी पुसून पाहिलं, दाबून पाहिलं, शेवटी गॅस पेटवला.

१९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं काढलेल्या टीव्हीच्या रिमोटला चारच बटणं होती. चालू-बंद, आवाज बंद, चॅनल पुढे, चॅनल मागे. सेलही लागत नसत. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद टीव्ही ऐकायचा. चारात भागलं, कारण टीव्हीकडे मागण्यासारखंच तेवढं होतं. आज मागणी वाढली, हे मान्य. मग जास्तीचं ठेवायचं कुठे?

याचं उत्तर आपल्याकडच्या जुन्या टीव्हींपाशी होतं. चालू-बंद आणि आवाज बाहेर. चॅनल लावायचे बारीक नॉब, कॉन्ट्रास्ट वगैरे एका छोट्या झडपेमागे. आमच्याकडे ती झडप फक्त बाबा उघडायचे, तेही चित्र सरकायला लागलं तरच. बाकीच्यांना आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता एसीच्या रिमोटवर ड्राय, टर्बो, स्लीप सगळे एकाच रांगेत मानानं बसलेले असतात. ठाण्याच्या मे महिन्यात माणसाला हवं असतं फक्त गार! तरी तिथे एक शहाणपण झालंय. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीला सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं भारतात बंधनकारक आहे. हवं तर बदला, पण काही न करणाऱ्याचंही बरं चालावं. असा विचार बटणं मोजण्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात ना, ते परत आले की कुणाला काय आठवतंय ते बघा. पंख्याचा रेग्युलेटर तीनवर होता, तीनवरच असतो. मायक्रोवेव्ह मात्र शून्यं मिचकावत आधी किती वाजले ते विचारतो. घड्याळ भिंतीवर आहे, बाबा, तू भात गरम कर.