पौलाचं पत्र हरवलं

“काकू, शनिवारी गेम्स तुम्ही घ्याल का?”

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या सेक्रेटरीचा फोन. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला ‘ताई’ म्हणून विचारला जायचा. मधल्या काळात माझी बढती झाली, बाकी काही बदललेलं नाही. देवळामागचा (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) तोच हॉल, त्याच लोखंडी घडीच्या खुर्च्या (त्यातली एक उघडताना हमखास बोट चिमटते), आणि सहाची वेळ दिली की साडेसहाला जमणारी तीच मंडळी. ‘मंडळी’ म्हणजे आमच्याकडे चर्चचे सभासद, हिशेबातला शब्द आहे बरं का. बाकीचं पुणं ‘काय मंडळी’ म्हणतं तेव्हा तिथे कुणी वर्गणी भरलेली नसते.

शनिवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं की तीन टोळ्या दिसतात. दाराजवळ मुलगे, खिडकीशी मुली, आणि हार्मोनियमच्या मागे ज्यांना अजून कुणी ओळखत नाही ते. ही तिसरी टोळी नगर, जालना, श्रीरामपूरकडून शिकायला नाहीतर नोकरीला आलेली, वडगाव शेरीत नाहीतर हडपसरला चौघाचौघांत खोली करून राहणारी. फोनवर काही आलेलं नसताना फोन बघत उभी असतात. या तिन्ही टोळ्यांचं एक रिंगण करायचं, आणि आपल्याला मुद्दाम मिसळवलं जातंय हे कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. गेम्स घेणं म्हणजे एवढंच. पुढे पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, संदेश असतो. रिंगण जमलं नाही तर तो तीन टोळ्यांना तीन वेळा द्यावा लागेल अशी अवस्था होते.

सुरुवातीला माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, युवकांसाठी शंभर धमाल खेळ वगैरे. त्यात पहिलाच खेळ तोंडात मार्शमॅलो भरून वचन म्हणायचा. मार्शमॅलो तेव्हा नाना पेठेत कुठून मिळणार? मी चुरमुऱ्याचे लाडू आणले. पहिल्याच गड्याने लाडू तोंडात कोंबला आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ मधल्या ‘मेंढपाळ’वर त्याला जो ठसका लागला, त्यात पुढच्या दोन रांगांवर चुरमुऱ्यांची वृष्टी झाली. दुसरा खेळ परातभर मैद्यात लपवलेली गोळी हात न लावता तोंडाने शोधायचा. मैदा ओतताना मागे बसलेल्या एक आजी उठल्या. या आजी तरुण संघाच्या वयोमर्यादेत कुठल्याच हिशेबाने बसत नाहीत, पण दर शनिवारी येतात आणि त्यांना कुणी कधी काही म्हणत नाही.

“हे पीठ नंतर कोण खाणार?”

“कुणी नाही, आजी. खेळ आहे.”

“बाहत्तरच्या दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात आम्ही. लाल. घशाखाली उतरायच्या नाहीत. ठेव ते पीठ डब्यात.”

पीठ डब्यात गेलं, पुस्तक कपाटावर गेलं. तेव्हापासून माझ्या खेळांत खाणं फक्त शेवटी येतं, आणि बशीत येतं.

मग मी आपल्या गल्लीतले खेळ काढले. ‘शिवाजी म्हणतो’ सगळ्यांनी खेळलेला असतो. इंग्रजीत तिथे शिवाजीच्या जागी सायमन आहे, आणि सायमन म्हणजे आमचा शिमोन पेत्र. म्हणून एकदा ‘शिमोन म्हणतो, हात वर’ करून पाहिलं. मागून एक पोरगा म्हणाला, “कोंबडा आरवायच्या आत ‘येशूला ओळखत नाही’ म्हणून जो तीनदा फिरला, त्याचं कशाला ऐकायचं?” पाळकसाहेबांना त्या दिवशी संदेशाचा विषय आयता मिळाला. ‘संगीत खुर्ची’ला तर आमच्याकडे हार्मोनियम असतोच. एकच अडचण, वाजवणाऱ्या दादांची बहीण खेळत असली की सूर संशयास्पद जागी थांबतो.

गल्लीतला खेळ देवळात आणणं काही जणांना हलकं वाटतं. मला वाटत नाही, कारण आमच्यात याची परंपरा आहे. टिळकांनी हेच केलं. (पुण्यात ‘टिळक’ म्हटलं की खुलासा करावा लागतो. केसरीवाले नव्हेत, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा.) साहेबाच्या चालीवरची गाणी मराठी माणसाच्या गळ्यातून नीट उतरेनात, तर टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली आणि लोक टाळ घेऊन बसले. मैद्याची परात आणि मिशनऱ्यांच्या चाली हे माझ्या मते एकाच जातीचं प्रकरण आहे. वस्तू चांगली, पण आपल्या घशाची नाही.

तरी सगळंच बाहेरचं वाईट असंही नाही. नोहाच्या तारवाचा खेळ मी त्याच कपाटावरच्या पुस्तकातून घेतलाय आणि तो कधी पडत नाही. चिठ्ठ्यांवर प्राण्यांची नावं लिहायची, प्रत्येक नाव दोनदा. चिठ्ठी उघडली की बोलायचं नाही, फक्त त्या प्राण्याचा आवाज काढत आपला जोडीदार शोधायचा. एका मिनिटात हॉलचा कोंडवाडा होतो. गाय, कुत्रा, बोकड, बेडूक. बँकेत नोकरी करणारा एक गंभीर तरुण गुडघ्यांवर हात ठेवून डरांव डरांव करत दुसरा बेडूक शोधत असतो, आणि तो दुसरा बेडूक म्हणजे पाळकसाहेब असतात.

पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा घाईत मी दोन चिठ्ठ्यांवर ‘जिराफ’ लिहिलं होतं. आता जिराफ ओरडतो कसा? एक चिठ्ठी उंच, मुखदुर्बळ अशा एका मुलाला गेली आणि दुसरी हार्मोनियममागच्या एका मुलीला. सगळा हॉल हंबरत असताना दोघं आपापल्या जागी गप्प उभे होते. गप्प माणसं दोनच होती, त्यामुळे सगळ्यांच्या आधी जोडी त्यांचीच लागली. मी चिठ्ठी मुद्दाम तशी लिहिली असं समजून पाळकीणबाईंनी माझं कौतुक केलं. मी नाही म्हटलं नाही. आणि नाही, त्या दोघांचं लग्न वगैरे झालं नाही. प्रत्येक गोष्टीचा शेवट तसा व्हावा असं पाळकीणबाईंना वाटतं. पण तेव्हापासून मी दर वेळी दोन जिराफ घालते.

जुलैत खरी कसोटी. बाहेर पावसाची झड लागलेली, अंगणात लगोरी मांडता येत नाही, आणि तीस तरणी पोरं एका हॉलमध्ये कोंडलेली. अशा वेळी मला नायस्मिथ मास्तरांची आठवण येते. ईश्वरविज्ञान शिकून वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या शाळेत व्यायाम शिकवायला लागलेला माणूस. ही वायएमसीए म्हणजे आपल्या क्वार्टर गेटला आहे तीच, फक्त ही गोष्ट अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. डिसेंबर 1891, बाहेर कडाक्याची थंडी, आणि वर्गातली 18 दांडगी पोरं त्याच त्या कवायतीला विटलेली. मास्तरांनी शिपायाकडे खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, 13 नियम लिहिले, नऊ-नऊचे संघ पाडले. टोपलीला बूड तसंच होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढायचा. पहिल्या सामन्यात ही शिडी एकदाच लागली असावी, कारण तो 1-0 असा संपला. झालं बास्केटबॉल.

हॉलमध्ये वैतागून बसलेल्या पोरांसाठी एका वैतागलेल्या माणसाने हाताला लागेल ते ठोकून केलेली ही गोष्ट आहे, हे मला फार धीर देतं. दुसऱ्या एका वायएमसीएवाल्याने, मॉर्गनने, 1895 मध्ये व्हॉलीबॉल काढला. आपल्या टिळकांचा बाप्तिस्माही त्याच वर्षीचा. मॉर्गनने आपल्या खेळाला आधी नाव दिलं ‘मिंटोनेट’, बॅडमिंटनवरून. आणि बॅडमिंटनला एके काळी गोरे लोक चक्क ‘पूना’ म्हणत, कारण त्याचे सुरुवातीचे नियम 1870च्या दशकात इथल्या छावणीतल्या अधिकाऱ्यांनी लिहून काढले होते. म्हणजे धागा ओढत गेलं की व्हॉलीबॉलचं आजोळ आपल्या कॅम्पात निघतं. हे मी तरुण संघात एकदा सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, “काकू, मग पावसाळ्यात तुम्हीही काहीतरी शोधून काढा ना.” त्या दिवशी मी काढलं ते एवढंच की रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाहून मोज्यांचे गोळे टाकायचे. मोजे ओले होते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तलवारीचा खेळ मात्र कुठल्याही ऋतूत चालतो. बायबलातल्या प्रेषित पौलाने देवाच्या वचनाला आत्म्याची तलवार म्हटलंय, त्यावरून. बायबल बगलेत धरून उभं राहायचं. ‘तलवारी उपसा’ म्हटलं की बायबल डोक्यावर. मग मी अध्याय-वचन पुकारणार, आणि ज्याला आधी सापडेल त्याने एक पाऊल पुढे येऊन वाचायचं. अलीकडे यात फोनचं भांडण आलंय. फोनवरचं बायबल ही तलवार धरायची की नाही? मी म्हटलं, धरा. बघूच.

“ओबद्या, एकविसावं वचन!”

66 पुस्तकांत ओबद्या म्हणजे एका अध्यायाचं, दोन पानं एकमेकांना चिकटली की नाहीसं होणारं पुस्तक. पोरांचे अंगठे धावायला लागले. एकाने घाईत नाव टाइप केलं तर फोनने त्याचं ‘ओबडधोबड’ करून दिलं. तेवढ्यात आजी पुढे येऊन वाचायलाही लागल्या होत्या. त्यांच्या बायबलचं कव्हर म्हणजे कॅलेंडरचा कागद, कडा हाताच्या तेलाने काळ्या.

“आजी, कसं सापडलं एवढ्यात?”

“योना माशाच्या पोटात शिरायच्या आधी डावीकडे बघायचं. ओबद्या तिथंच असतो, कुठं जातोय.”

आणि शेवटचा, चहाच्या आधीचा, माझा लाडका खेळ. ‘मामाचं पत्र हरवलं’ ठाऊक नाही असा मराठी माणूस नसेल. रिंगण करून बसायचं, एकाने रुमाल घेऊन बाहेरून फिरायचं, गुपचूप कुणाच्या तरी मागे तो टाकायचा. ज्याच्या मागे पडला त्याला एक फेरी होईस्तोवर कळलं नाही, तर पाठीत धपाटा. आमच्याकडे मामाच्या जागी पौल आलाय, कारण इतकी पत्रं लिहिणारा माणूस आमच्या ओळखीत दुसरा नाही. फिरणारा म्हणतो, “पौलाचं पत्र हरवलं!” रिंगण विचारतं, “कोणाला लिहिलं?” मग त्याने नाव सांगायचं, एकदा आलेलं पुन्हा चालणार नाही. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस. मराठी बायबल वाचताना मला नेहमी वाटतं की ही सगळी कोकणातली आडनावं आहेत, आणि गलतीकर तर आमच्या सोसायटीच्या कमिटीवरच असावेत. पौलाच्या नावावर 13 पत्रं आहेत. कुणी इब्री लोकांचं नाव घेतलं की ते पत्र पौलाचं की नाही यावर सेमिनरीत शिकलेले दोघं हटकून उभे राहतात आणि चहा गार होतो. चहा म्हणजे साधी गोष्ट समजू नका. पंचहौद मिशनमध्ये 1890 साली मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून, धर्म बाटला म्हणत, या गावाने केसरीवाल्या टिळकांना आणि रानड्यांनाही सोडलं नव्हतं.

परवाच्या शनिवारी खेळ रंगला. नावं संपत आली. फिलेमोन गेला, तीत गेला, दोन्ही तीमथ्य गेले. रुमाल जालन्याहून नर्सिंगला आलेल्या एका मुलीकडे आला. तीन महिने येतेय, ‘सलाम’च्या पुढे तिचा शब्द मी ऐकला नव्हता. ती उठली, फिरायला लागली.

“पौलाचं पत्र हरवलं.”

“कोणाला लिहिलं?”

ती अडली. अर्धी फेरी गप्प. मग म्हणाली, “पुणेकरांस.”

हॉल फुटला. असं पत्र नाही, बाद, बाद, असा ओरडा झाला. पाळकसाहेबांनी हात वर केला. “थांबा. काय लिहिलंय पत्रात? ते कळल्याशिवाय बाद कसं करणार?”

तिची पावलं थांबली नाहीत. माझ्या मागून जाताना तिचा आवाज आला, अगदी शास्त्रपाठ वाचतात तसा. “पुण्यातल्या मंडळीस, तुम्हांस कृपा व शांती असो. उपासना झाल्यावर तुम्ही सगळे अंगणात एकमेकांशी बोलता, ते मी पाहिलं आहे. एखादे रविवारी नव्या माणसालाही जेवलीस का म्हणून विचारावं.”

कुणी हसलं नाही. हार्मोनियमवाल्या दादांनी मान खाली घातली, सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागला. मी समोरच्या भिंतीकडे बघत तिच्या गेल्या तीन महिन्यांतले रविवार मोजत होते. मोजणी पुरी व्हायच्या आत पाठीत सणसणीत धपाटा बसला. रुमाल माझ्याच मागे पडला होता.