काळी असली तरी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज मी खोटं बोलले. एवढंसंच, पण दिवसभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचतंय.

सकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर इथे न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला केसांच्या दुकानात निघाले होते. तिला दुपारी वेण्या घालून घ्यायच्या होत्या, त्यासाठी कृत्रिम केसांची पाकिटं हवी होती. गाडीतच सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन वळवून मैत्रीण दाखवली. दोघींनी हात हलवले. मग आई मला म्हणाली, "काळी असली तरी नाकीडोळी किती नीटस आहे गं!"

फोन ठेवल्यावर मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "तू सुंदर आहेस म्हणाली."

"मला 'काली' असं काहीतरी ऐकू आलं. ती तुमची देवी ना?"

मी "हो" म्हटलं आणि आरसा बघत लेन बदलली.

आईच्या मनात काही वाकडं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिने कौतुकच केलं होतं. माझं लग्न जमवतानाही असंच कौतुक व्हायचं, "सावळी आहे, पण तरतरीत." माहितीपत्रकात मामाने परस्पर 'गव्हाळ' लिहून टाकलं होतं. त्या 'तरी'ची आणि 'पण'ची मला इतकी सवय आहे की आज त्याचं इंग्रजी करायची वेळ आली तेव्हाच तो खुपला. आणि मी तो गाळून टाकला.

गाळण्यावरून कृष्णवर्णीय अभिनेत्री लुपिता न्योंगो आठवली. २०१४ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी 'पीपल' मासिकाने तिला जगातली सर्वांत सुंदर स्त्री ठरवलं. मग २०१७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश 'ग्राझिया'ने तिला मुखपृष्ठावर घेतलं, आणि मागे बांधलेले तिचे दाट, कुरळे केस फोटोतून पुसून डोकं गुळगुळीत करून टाकलं. तिने मूळ फोटो आणि छापलेला फोटो दोन्ही लोकांसमोर टाकले. मासिकाने माफी मागितली, फोटोग्राफरनेही मागितली. म्हणजे तिथेही नाकीडोळी नीटसच होती. केस तेवढे नको होते.

मैत्रिणीला ते प्रकरण तोंडपाठ आहे. ती म्हणाली, "मला माझ्या आईनेच पुसलं होतं, वयाच्या आठव्या वर्षी." म्हणजे रिलॅक्सर. केस सरळ करायचं रसायन. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं, टाळूची आग व्हायला लागली की ओरडायचं, मग आई धावत येऊन डोकं नळाखाली धरणार. शाळेच्या फोटोच्या आधी तर हमखास. २०२२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ३३ हजारांहून जास्त बायकांचा. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा असली उत्पादनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. ती बातमी वाचून तिने आईला फोन केला होता. आई नुसती रडली. "तिला तरी काय माहीत? तिला मला नोकरी लागायला हवी होती," मैत्रीण म्हणाली.

आणि नोकरीत काय, तर आधीच्या ठिकाणी साहेबांनी 'क्लायंटसमोर जरा नीटनेटकं' यायला सांगितलं होतं. न्यू जर्सीत २०१९ च्या डिसेंबरात कायदा झाला, आता केसांच्या पोतावरून किंवा वेण्यांवरून नोकरीत, शाळेत भेदभाव करता येत नाही. केसांसाठी कायदा! मला आधी हसूच आलं होतं. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुंझी मिस युनिव्हर्स झाली, अगदी बारीक कापलेल्या स्वतःच्या केसांवर. तिला विग लावायचा सल्ला देणारे कमी नव्हते. वर्षही उलटलं नाही तोच तिच्याच देशात एका औषधदुकानांच्या साखळीने शाम्पूची जाहिरात टाकली, त्यात काळ्या बाईचे केस 'कोरडे आणि खराब', आणि गोऱ्या बाईचे 'नॉर्मल'. दुकानांसमोर निदर्शनं झाली. मघाशी न्हाणीघरात माझी शाम्पूची बाटली उलटून पाहिली. 'नॉर्मल टू ड्राय'. वीस वर्षं विकत घेतेय, 'नॉर्मल' म्हणजे कुणाचे, हे कधी मनात आलं नाही.

दुकानाचं राहिलंच. भिंतभर पाकिटं, काळ्यापासून जांभळ्यापर्यंत, जेलच्या बरण्या, झोपताना घालायच्या सॅटिनच्या टोप्या. खरे केस मात्र काउंटरमागे काचेच्या कपाटात, कुलपात, सोनाराकडे असतात तसे. त्यावर 'ब्राझिलियन', 'पेरुव्हियन', 'इंडियन' अशी लेबलं. 'इंडियन'पाशी मी थबकले.

मी चौथीत असताना आजीने तिरुपतीला केस दिले होते. शिकेकाईने न्हाणारी, कमरेपर्यंत केस असलेली बाई तिथल्या मुंडनाच्या जागेवरून, कल्याणकट्ट्यावरून, बाहेर आली ती डोक्यावर पदर घट्ट ओढून. "हलकं वाटतंय," एवढंच म्हणाली. ते केस पुढे कुठे जातात, हे आमच्यात कुणी विचारलं नाही. देवस्थान त्यांचा लिलाव करतं, कोट्यवधी रुपये येतात, आणि लांब केस विगांसाठी, जोडकेसांसाठी परदेशी जातात, हे मला इथे आल्यावर कळलं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या मावशीच्या डोक्यावर तुझी आजी असेल!" आम्ही एवढ्या हसलो की काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघायला लागले.

आजी रंगाने मैत्रिणीहून फार उजळ नव्हती. तिला आयुष्यभर 'काळी काकू' म्हणत. केस मात्र कपाटात, कुलपात.

मैत्रिणीने साडेसहा डॉलरवाली सहा पाकिटं घेतली आणि गेली.

संध्याकाळी तिचा फोटो आला. बारीक बारीक वेण्या, थेट कमरेपर्यंत, टोकाला चारदोन सोनेरी मणी. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या आईला सांग, कालीने नमस्कार सांगितलाय.' मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग फोटो तसाच आईला पाठवला, मजकुरासकट.

आत्ता, तिच्याकडे सकाळ झाल्यावर, आईचा आवाजी निरोप आलाय. मागे कुकरची शिट्टी. "अगं, केवढ्या वेण्या या! किती तास बसली असेल पोर? मान अवघडली असेल तिची. तेल चोळायला सांग रात्री, खोबरेल. आणि ते काली का म्हणतीय ती?"

अजून उत्तर दिलेलं नाही.