ट्रेलरवरची बीटल
आज रस्त्याकडेला ट्रेलरवर जुनी फोक्सवॅगन बीटल गाडी अडकलेली दिसली. गाडी ठणठणीत, दगा दिला होता ट्रेलरच्या चाकाने! बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं की हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापतो आणि चाक जाम होतं. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून हबजवळ हात न्यायचा. चटका जाणवला तर पुढे जायचं नाही. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा, ते टायर कधी बनला ते सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, तडकतात.

त्यात बीटलचं इंजिन मागे. तोंड पुढे करून चढवली की वजन मागे जातं आणि ट्रेलर झोकांड्या खातो. ट्रेलर आणि त्यावरची गाडी मिळून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर हवाच. गाडी जखडायचे पट्टे चाकांना बांधा. बंपरला बांधणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!