काळ्या दोऱ्याजवळची पट्टी

द्राक्षांच्या विरळणीचे दिवस होते. दिंडोरीकडच्या एका मावशींची गाठ फॉर्मलिनच्या डब्यातून नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये आली. मांडवाखाली हात वर धरून घड विरळताना त्यांचे हात गळून जायचे, संध्याकाळी पापण्या आपोआप मिटायच्या. घरच्यांना वाटलं, कामाचा थकवा. पुढे निदान झालं मायस्थेनिया ग्रॅव्हिसचं, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचं. या आजाराच्या शंभरातल्या १०-१५ जणांना थायमस या छातीतल्या ग्रंथीची गाठ, थायमोमा, असते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन करतातच. मावशींना छातीच्या हाडामागे ७ सेंटिमीटरची निघाली.

गाठ हृदयाच्या आवरणाला, पेरिकार्डियमला, चिकटली होती. सर्जननी त्या आवरणाचा तुकडाही काढला आणि नेमक्या त्या जागी काळा दोरा बांधला. फॉर्मवर लिहिलं होतं, 'आत शिरली असावी. तिसरा टप्पा?' त्या दोऱ्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. फॉर्मलिनमध्ये आक्रसलेल्या गाठीवर ती जागा मला एरवी सापडली नसती.

प्रकार लवकर कळला. डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत ए, एबी, बी१, बी२, बी३ आणि त्यापलीकडे थायमिक कार्सिनोमा. इथे लिम्फोसाइट्सच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) गर्दीत एपिथेलियल पेशींचे, म्हणजे गाठीच्या मूळ पेशींचे, पुंजके होते, म्हणजे बी२. खरी अडचण टप्प्याची, म्हणजे गाठ किती पसरली त्याची. मासाओकांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आणि कोगांनी १९९४ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत गाठ पेरिकार्डियमला नुसती चिकटली असेल तर २ब, आत शिरली असेल तर ३. तिसऱ्यात रेडिएशन सहसा देतातच.

दोऱ्याभोवतीचा सगळा भाग मी तपासणीसाठी मेणाच्या ब्लॉकमध्ये घेतला. एका स्लाइडवर तंतूंच्या आत पेशींची बारीक पट्टी दिसली. केराटिनचा स्टेन केला, त्याने गाठीच्या एपिथेलियल पेशी तपकिरी होतात. पट्टी तपकिरी झाली. धस्स झालं. रिपोर्टमध्ये '३' टाइपही केलं. मग हात थांबला. पेरिकार्डियमच्या अस्तराच्या मेसोथेलियल पेशीसुद्धा केराटिनने तपकिरीच होतात, आणि जुन्या सुजेत त्या अशाच अडकून बसतात. पी४० हा दुसरा स्टेन करायला सांगितलं. त्यात थायमोमाच्या पेशींची केंद्रकं रंगतात, मेसोथेलियल पेशींची सहसा नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गाठ गडद रंगलेली, पट्टी कोरी! ब्लॉक आणखी खोलवर कापून पाहिले, तिथेही गाठीची पेशी नव्हती. २ब. कडा स्वच्छ.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. एरवी पेशंटचे नातेवाईक माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत, हा आत आला. "मॅडम, वर दुसरा टप्पा आणि खाली पहिला, असं कसं?" खाली टीएनएम या टप्पे मोजायच्या दुसऱ्या पद्धतीची, तेव्हा वापरात असलेली आठवी आवृत्ती होती. भोवतीच्या चरबीपर्यंत गेलेली गाठसुद्धा तिच्यात टी१एच राहते, म्हणून पहिला टप्पा. त्याला समजावलं, की मोजायच्या पद्धती दोन आहेत, आईची गाठ तीच आहे.

"मग आई बरी होईल ना?"

मी सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली आहे, आणि या आजारात सगळ्यात जास्त वजन त्यालाच आहे. रेडिएशनचं ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. पण ही गाठ सावकाश वाढणारी, दहा वर्षांनीही परत येऊ शकते. स्कॅन चुकवू नका. आणि मायस्थेनियाच्या गोळ्या ऑपरेशन झालं म्हणून मनाने बंद करू नका."

त्याने पिशवीतून फवारणीची वही काढली आणि हे सगळं तिच्यातच लिहून घेतलं.