विडी सुटली, गोळी चढली

कॅन्सर वॉर्डातून मानसोपचाराचा रेफरन्स आला की मजकूर बहुधा ठरलेला असतो: पेशंट निराश, जेवत नाही. हा वेगळा होता. 'जुना स्किझोफ्रेनिया. कालपासून सुस्त, बोबडं बोलतो. मेंदूत पसरल्याची शंका होती, एमआरआय स्वच्छ.'

पेशंट सिन्नरकडचा, पन्नाशीतला. फुफ्फुसात गाठ, पहिल्या केमोआधीच्या तपासण्यांसाठी नाशिकला दाखल. स्किझोफ्रेनियासाठी रोज रात्री क्लोझापिनची गोळी, ४०० मिलीग्रॅम, त्यावर वर्षानुवर्षं शांत. मी गेले तेव्हा लाळ गळून उशीचा अभ्रा एका बाजूने चिंब झालेला. हाक मारली की डोळे उघडायचा, लगेच मिटायचा. बोटांवर विडीचे पिवळे डाग.

"सिस्टर, विडी कधीपासून बंद?"

"इथे आल्यापासून मॅडम. वॉर्डात कोण ओढू देणार?"

गोम तिथेच होती. यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम क्लोझापिनचा निचरा करतं, आणि विडीच्या धुरातले घटक ते एन्झाइम वाढवतात. (निकोटिन नव्हे, धूर. म्हणून निकोटिनचं च्युइंगगम देऊन इथे उपयोग नाही.) ओढणाऱ्याला त्यामुळे डोस जास्त लागतो. ओढणं थांबलं की काही दिवसांत एन्झाइम खाली येतं आणि तीच गोळी रक्तात चढत जाते.

ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, म्हणाले, गोळी बंदच करू. केमोने पांढऱ्या पेशी पडणार, आणि क्लोझापिननेही त्या क्वचित पडतात. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला काउंट करतात तो त्यासाठीच. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. पण ४८ तासांहून जास्त खंड पडला तर हे औषध पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावं लागतं. मधल्या काळात आजारातले कानात येणारे आवाज परत आले, तर हा माणूस केमोची सुई लावू देईल? शेवटी एक रात्र गोळी सोडली, मग ३०० वर आलो. केमोनंतर काउंट वरचेवर बघायचं ठरलं.

भाऊ बाहेर बाकावर बसलेला. "मामालाही हाच आजार होता मॅडम. आता याला कॅन्सर. सगळं रक्तातूनच येतं का? माझ्या पोरांचं काय?"

म्हटलं, स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. आईबाप किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर दहाएक जणांना, पुतण्यांमध्ये तीन-चार. गाठीतले जनुकबदल बहुतेक गाठीपुरतेच असतात, पोरांकडे जात नाहीत. खरं तर पंधराव्या गुणसूत्रावरचा निकोटिन-रिसेप्टरच्या (निकोटिन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेच्या) जनुकांचा एक पट्टा २००८ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या संशोधनात सापडला, आणि २०१४ च्या स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या अभ्यासातही तोच आला. ते त्याला सांगत बसले नाही. त्यांची आई घरी विड्या वळायची. विडी हाताशीच होती.

दोन-तीन दिवसांत पेशंट उठून बसला. पहिला प्रश्न त्याचाच: "गोळी कमी केली, आता आवाज येतील का?"

"येऊ शकतात. आले तर लपवू नका."

"त्याला काय विचारता, सही मी करतो ना," भाऊ मध्येच. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायला २०१७ चा कायदा मुभा देत नाही. केमोची माहिती त्यालाच दिली, सहीही त्यानेच केली.

डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलं: 'विडी पुन्हा सुरू झाली तर लगेच कळवा, गोळीचा डोस बदलावा लागेल.'

"ही तर परवानगीच झाली," ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले.

"घरी गेल्यावर ओढणार नाही याची खात्री तुम्ही देता का सर?"

ओळ राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर लाल पेनने 'विडी पूर्ण बंद' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.