डेसमॉसमधला फुटाळा: तिसरा आठवडा

डेसमॉस या आलेख काढणाऱ्या संगणक-साधनात समीकरणांनी नागपूरच्या फुटाळा तलावाचं चित्र काढतोय. मागच्या रविवारी इथवर आलो होतो: झाडाची उजवी बाजू फ(क्ष) = √(४ − क्ष), क्ष ० ते ४. डावी बाजू आयतीच मिळते, फ(−क्ष). शेंड्याला बारीकसं टोक येतं, पण फुटाळ्याकाठच्या झाडांना ते शोभतं म्हणून राहू दिलं.

या आठवड्यात झाड उचलून ७ वर न्यायचं होतं. उजवी बाजू फ(क्ष − ७) लिहिली, बरोबर बसली. त्याच तोऱ्यात डावीला फ(−क्ष − ७) लिहिलं, तर अर्धं झाड ७ वर आणि अर्धं पार −७ वर! मधे चौदा घरांचं तळं. दोन संध्याकाळी यातच गेल्या. चूक सापडली ती ट्रेसिंग पेपर उलटा करून सरकवताना. −क्ष − ७ म्हणजे −(क्ष + ७), म्हणजे आधी उलटवलं आणि मग डावीकडे ढकललं. मला हवं होतं −(क्ष − ७), म्हणजे फ(७ − क्ष). आता मी कंस आधी टाकतो, उणे चिन्ह नंतर.

एक गोष्ट मात्र आधीच नीट केली होती: ० ते ४ ची मर्यादा फ च्या व्याख्येतच लिहिली. त्यामुळे झाड जिथे नेतो तिथे तीही सोबत जाते. बाहेर लिहिली असती तर दरवेळी हातानं बदलत बसलो असतो.

मग पाणी. प्रतिबिंबासाठी −फ(क्ष − ७) केलं आणि झाड स्वतःच्याच बुडाला उलटं लटकलं. पाण्याची पातळी −१ वर आहे ना, क्ष-अक्षावर थोडीच आहे! आरसा −१ वर असेल तर उंची य ची −२ − य होते, म्हणून −२ − फ(क्ष − ७). आता बुंधा आणि त्याचं प्रतिबिंब यांत दोन घरांची फट दिसते: एक घर काठाचं, एक काठाच्या प्रतिबिंबाचं. शनिवारी सूर्य बुडताना चौपाटीवर उभं राहून पाहिलं, खरंच तशीच फट दिसते. सोबत पोहे होते, तर्री जरा जास्तच.

अडलंय ते लाटांपाशी. पाण्यात प्रतिबिंब आडवं थरथरतं, म्हणजे किती सरकायचं ते क्ष नाही, य ठरवतो. मग एका क्ष ला दोन-दोन य येतात आणि फलन (एका क्ष ला एकच य देणारा नियम) राहतच नाही. सध्या क्ष च्या जागी क्ष − ०.१ साइन(८य) घालून नुसतं समीकरण म्हणून काढतोय. रेघ हलते, पण लॅपटॉपचा पंखाही भणभणायला लागतो.