तुम्ही विचारलंत म्हणून: कौन्सिलला जाब कोण विचारतं?

"घर कौन्सिलचं, माणसं कौन्सिलची, तक्रारही कौन्सिलकडेच करायची. मग त्यांच्या वर कोणी आहे की नाही?" ग्लासगोतले मराठी स्नेही हे विचारतात, आणि पुण्या-सांगलीहून फोन करणारे नातेवाईकही विचारतात, कारण मी इथल्या एका लहान हाउसिंग असोसिएशनच्या समितीवर काम करते हे त्यांना माहीत आहे. कौन्सिल म्हणजे इथली महापालिका, आणि हाउसिंग असोसिएशन म्हणजे कमी भाड्यात घरं देणारी ना-नफा संस्था. फोनवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आहे. स्कॉटिश हाउसिंग रेग्युलेटर, म्हणजे कौन्सिल आणि असोसिएशनांच्या कामावर देखरेख ठेवणारी नियामक संस्था. 2010 च्या स्कॉटलंडच्या गृहनिर्माण कायद्याने ही संस्था उभी राहिली. ती कुठल्या मंत्र्याच्या हाताखाली नाही, थेट स्कॉटिश पार्लमेंटला उत्तर देते. तिने कोणाचं हित जपायचं हे कायद्यातच लिहिलेलं आहे: आजचे आणि उद्याचे भाडेकरू, बेघर माणसं, आणि असोसिएशन किंवा कौन्सिलच्या सेवा घेणारे इतर काही रहिवासी. या यादीत बेघर माणसांचं नाव आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्लंडमधला रेग्युलेटर आता कौन्सिलच्या घरांची कडक तपासणी करतो, सी 1 ते सी 4 अशी श्रेणीही देतो, पण कौन्सिलच्या दारात मदत मागायला आलेल्या बेघर कुटुंबाला कसं वागवलं जातं, हे तपासणं त्याच्या कामात येत नाही. स्कॉटलंडमध्ये येतं.

काम कसं चालतं, तर दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक घरमालक संस्था आपले आकडे पाठवते: दुरुस्तीला किती दिवस लागले, गॅसची वार्षिक तपासणी किती घरांत चुकली, भाडेकरू कितपत समाधानी आहेत. ऑक्टोबरअखेरपर्यंत वार्षिक हमीपत्र द्यावं लागतं. आम्ही कायदा आणि नियम पाळतो आहोत, आणि जिथे कमी पडतो तिथे काय करतो आहोत, हे समितीने स्वतः लिहून द्यायचं. त्या बैठकीला मी नेहमी जास्त तयारीने जाते. गॅस, वीज, आग, पाणी, अॅस्बेस्टॉस, लिफ्ट, ओल आणि बुरशी, या प्रत्येकाचा पुरावा समोर असल्याशिवाय सही करू नये असं माझं ठाम मत आहे. विजेची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवी. काही घरांत आत जाताच आलं नाही, म्हणून ती राहिली, हे कारण मी अनेकदा ऐकलं आहे. ते खरंही असतं. पण दार न उघडणाऱ्या घरातच बहुधा कोणीतरी आजारी, म्हातारं किंवा घाबरलेलं माणूस असतं, त्यामुळे तिथे पुन्हा पुन्हा जायला हवं.

हे सगळं पाहून रेग्युलेटर प्रत्येक संस्थेसाठी एक एंगेजमेंट प्लॅन काढतो: या वर्षी आम्ही या कौन्सिलशी कशाबद्दल बोलणार आणि का. तो संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. साधी भाषा, दोन-चार पानं. आपल्या कौन्सिलच्या घरांची विजेची तपासणी रखडली आहे किंवा बेघरांना निवारा मिळत नाही, हे भाडेकरूला तिथे अधिकृतपणे कळतं, आणि कौन्सिलच्या सभेत तो कागद हातात घेऊन उभं राहता येतं.

ग्लासगोला याची गरज का, हे समजायला गोर्बाल्स वस्तीतल्या हचिसनटाउन ई या वसाहतीकडे पाहावं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोक तिथे नव्या घरांत राहायला गेले आणि थोड्याच काळात भिंतींवर ओल आणि बुरशी चढली. भाडेकरूंना सांगण्यात आलं की तुमची राहणीच तशी आहे. खिडक्या उघडा, घर गरम ठेवा. लोकांनी भाडं रोखलं, आंदोलनं केली. त्या इमारतींना लोक 'डॅम्पीज', म्हणजे ओलवाल्या, म्हणू लागले, आणि 1987 मध्ये त्या पाडाव्या लागल्या. बांधकामातला दोष राहणाऱ्याच्या माथी मारायची ही सवय अजून गेलेली नाही. ओलीची तक्रार आली की कपडे घरात वाळवता का, हा प्रश्न आजही आधी विचारला जातो. स्कॉटलंडच्या पावसात ते दुसरीकडे वाळवायचे तरी कुठे?

घरांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत देखरेखीचा उपयोग होतो, असं मी अनुभवाने म्हणते. आग ओळखणारे, एकमेकांना जोडलेले अलार्म 2022 च्या फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमधल्या सर्व घरांना बंधनकारक झाले. लंडनच्या ग्रेनफेल या उंच इमारतीच्या आगीत 2017 मध्ये 72 माणसं गेली, त्यानंतरचा हा निर्णय. किती घरांत बसवले, किती राहिले, हे रेग्युलेटर विचारणार हे माहीत असल्यावर कामाला वेग येतोच.

बेघरांच्या बाबतीत मात्र उत्तर इतकं सरळ नाही, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं.

स्कॉटलंडचा कायदा याबाबतीत जगातल्या अतिशय उदार कायद्यांपैकी आहे. 2012 च्या अखेरीस 'प्राधान्य', म्हणजे कुटुंबासारख्या ठरावीक गटांनाच आधी घर, ही अट काढून टाकली, त्यामुळे एकट्या तरुणालाही कुटुंबाइतकाच हक्क मिळाला. अयोग्य निवाऱ्यात, म्हणजे बहुतेकदा बी अँड बी (लहान लॉज) किंवा हॉटेलात, सर्वसाधारणपणे सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हा नियम 2021 मध्ये सर्व बेघरांना लागू केला. पण 2003 मध्ये ग्लासगो कौन्सिलने आपली सुमारे 80 हजार घरं एका वेगळ्या असोसिएशनकडे सोपवली. तेव्हापासून बेघरांना घर देण्याची जबाबदारी कौन्सिलची, पण स्वतःचं एकही घर नाही. ते आमच्यासारख्या डझनावारी असोसिएशनांकडे मागावं लागतं.

2018 मध्ये रेग्युलेटरने ग्लासगोची चौकशी करून अहवाल दिला. ज्यांना घर देणं कौन्सिलवर बंधनकारक होतं, त्यांतल्या सुमारे निम्म्याच लोकांना ते मिळत होतं. हे कोणा कार्यकर्त्याने नव्हे, कायद्याने नेमलेल्या संस्थेने लिहिलं, म्हणून ते टाळता आलं नाही. पण परिस्थिती पालटली नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एडिनबरा आणि ग्लासगो या दोन्ही कौन्सिलांनी गृहनिर्माण आणीबाणी जाहीर केली, 2024 च्या मे महिन्यात ती साऱ्या स्कॉटलंडसाठी जाहीर झाली. त्या वर्षी मार्चअखेर तात्पुरत्या निवाऱ्यात 10 हजारांहून अधिक मुलं होती. काही कौन्सिलांच्या बेघर सेवेत संपूर्ण व्यवस्थाच कोसळली आहे, आणि ती सावरणं एकट्या कौन्सिलच्या हातात राहिलेलं नाही, असं रेग्युलेटरने स्पष्ट लिहिलं.

यावर लोक म्हणतात, मग असा रेग्युलेटर काय कामाचा? त्याच्याकडे नोटीस बजावण्याचा, व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार आहे. पण घरंच नसतील तर नेमलेला व्यवस्थापक ती कुठून आणणार? माझ्या मते त्याने खरं बोलणं हेच इथे त्याचं मोठं काम आहे. कौन्सिलला झोडपून मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी त्याने बोट पैसे देणाऱ्या सरकारकडे आणि न बांधलेल्या घरांकडे वळवलं. मला त्याच्याकडून अजून एक हवं आहे: निवारा नाकारलेल्या माणसांकडून थेट, वरचेवर ऐकणं. आमच्यासारख्या असोसिएशनांनीही आपल्या रिकाम्या घरांतला मोठा वाटा बेघरांसाठी ठेवावा, असं मी समितीत दर वेळी मांडते, आणि दर वेळी सगळ्यांना ते पटतं असं नाही.

आता व्यवहाराचं. रेग्युलेटर एकेकट्या माणसाची तक्रार सोडवत नाही. अनेक भाडेकरूंना बाधणारी मोठी चूक असेल तर त्याला कळवता येतं. आपली एकट्याची तक्रार आधी घरमालक संस्थेकडे करायची, तिथे निकाल लागला नाही तर स्कॉटिश पब्लिक सर्व्हिसेस ओम्बुड्समनकडे, म्हणजे सार्वजनिक सेवांबद्दलच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जायचं. रात्री राहायला जागा नसेल आणि कौन्सिल नाही म्हणत असेल, तर नकार लेखी मागा आणि शेल्टर स्कॉटलंड या बेघरांना मदत करणाऱ्या सेवाभावी संस्थेला फोन करा. आणि विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावर आलेल्या मुलामुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं: तुमच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ नाही असं लिहिलेलं असेल, तर कौन्सिल सल्ला देईल, पण बेघर म्हणून निवारा मिळण्याचा हा हक्क साधारणपणे तुम्हाला लागू होत नाही. म्हणून भाड्याच्या घराचा करार आणि डिपॉझिटची पावती पाहिल्याशिवाय तिकडून निघू नका.